स्टिरॉइड मिक्स असलेली ट्यूब लावताय? मग ती बंद करायची तारीख आधी ठरवा

मेडिकलच्या काउंटरवर उभं राहून मला पंधरा वर्षं होत आली आणि या काळात सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य म्हणजे "ती खाजेची ट्यूब द्या ना, मागच्या वेळी नेली होती ती". नाव आठवत नसतं, आत काय आहे ते माहीत नसतं, दोन दिवसांत खाज थांबली एवढंच लक्षात असतं. खरं सांगतो, सुरुवातीची दोन वर्षं ज्या दुकानात कामाला होतो तिथे मीही अशीच ट्यूब हातात द्यायचो, कारण सगळेच द्यायचे. मग एक मुलगी आली, कॉलेजात असेल, आईला बाहेर उभं करून एकटी आत आली आणि हळू आवाजात विचारलं की मांडीवरचे हे पट्टे जातील ना. जांघेतल्या नायट्यावर आठ महिने तीच ट्यूब लावत होती, अधूनमधून मीच दिलेली, आणि आता मांडीच्या आतल्या बाजूला जांभळट, बोटभर रुंद, खोलगट रेघा पडल्या होत्या, बाळंतपणानंतर पोटावर पडतात तशा. त्या पूर्ण जात नाहीत, रंग फिका होतो पण रेघ राहते. हे तिला सांगताना माझी जी अवस्था झाली ती अजून आठवते, आणि तेव्हापासून ट्यूब देताना मी दोन मिनिटं जास्त बोलतो. काउंटरवर मागे रांग असते, सगळं सांगून होत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

आधीच सांगतो, ही औषधं वाईट नाहीत. चिघळलेल्या इसबावर योग्य ट्यूब योग्य दिवस लावली की माणूस रात्री झोपू लागतो, हे मी शेकडो वेळा बघितलंय. प्रॉब्लेम होतो तो दोनच गोष्टींनी, चुकीच्या आजारावर लावल्यामुळे आणि बंद न केल्यामुळे.

पहिलं काम: ट्यूब उलटी करा आणि मागचं वाचा

ब्रँडचं नाव सोडून द्या, त्याच्या खाली बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात ते बघा, दिसत नसेल तर मोबाइलमध्ये फोटो काढून मोठं करून बघा. स्टिरॉइड म्हणजे दाह आणि खाज दाबणारं औषध, ते ओळखायची सोपी खूण म्हणजे बहुतेक नावांच्या शेवटी "सोन" किंवा "सोल" येतं, हायड्रोकॉर्टिसोन, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल. त्याच्या जोडीला काय आहे ते बघा. फ्युसिडिक ॲसिड, निओमायसिन, जेंटामायसिन, म्युपिरोसिन ही अँटिबायोटिक म्हणजे जिवाणूंवरची. क्लोट्रिमॅझोल, मायकोनॅझोल, टर्बिनाफिन ही बुरशीवरची. नावापुढे एन, जीएम, एनएफ अशी अक्षरं जोडलेली दिसतात ती बऱ्याचदा या जोडीदार औषधांचीच असतात, म्हणजे एन म्हणजे निओमायसिन वगैरे, पण कंपनीगणिक बदलतं म्हणून अक्षरावर जाऊ नका, घटकच वाचा.

आता ताकद. सगळी स्टिरॉइड सारखी नसतात आणि हे लोकांना कुणी सांगतच नाही. १ टक्का हायड्रोकॉर्टिसोन सगळ्यात सौम्य. ०.१ टक्का बीटामेथासोन व्हॅलरेट किंवा ०.१ टक्का मोमेटासोन हे स्ट्राँग. आणि ०.०५ टक्का क्लोबेटासोल हे सगळ्यात वरच्या पायरीवरचं, एकदम जबरदस्त. इथे टक्केवारी बघून फसू नका, ०.०५ हा आकडा १ पेक्षा लहान दिसतो म्हणून हलकं असेल असं खूप जणांना वाटतं, प्रत्यक्षात क्लोबेटासोल हायड्रोकॉर्टिसोनच्या कित्येक पट जोरदार आहे.

आणि एका ट्यूबमध्ये चार-चार औषधं असतील, म्हणजे स्टिरॉइड अधिक दोन अँटिबायोटिक अधिक बुरशीचं, तर ती बाजूला ठेवा आणि विचारा. आजार काहीही असो, यातलं एखादं औषध तरी लागू पडेल या हिशोबाने बनवलेली असतात ती. केंद्र सरकारने सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ कॉम्बिनेशन औषधांवर बंदी आणली त्यात अशी बरीच क्रीम होती, क्लोबेटासोल, ओफ्लोक्सासिन, ऑर्निडॅझोल आणि टर्बिनाफिन एकत्र असलेलं त्यातलंच एक. त्याच वर्षी मार्चमध्ये १४ स्टिरॉइड मलमं शेड्यूल एच मध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. पाकिटावर लाल उभी रेघ दिसते ना, ती त्याचीच खूण. तरी मिळतात, हे तुम्हाला माहितीये आणि मलाही.

दुसरं काम: हे नक्की इसबच आहे का?

इथे घाई करू नका, अर्धं नुकसान इथेच होतं.

कॉम्बिनेशन ट्यूबची खरी जागा कुठली, तर आधीपासून इसब किंवा तशीच दाह होणारी त्वचा आहे, आणि ती खाजवून खाजवून फुटली, त्यात जंतू शिरले. आपल्याकडे हे भांडी-धुणं करणाऱ्या बायकांच्या हातावर खूप दिसतं, साबणाने आणि लसूण सोलून सोलून बोटांची टोकं भेगाळतात, मग एक दिवस भेगेतून पाणी यायला लागतं. लहान मुलांना कोपराच्या आतल्या आणि गुडघ्याच्या मागच्या खाचेत होतं. जंतू शिरल्याच्या खुणा अशा: नेहमी खाजणारी जागा आता दुखायला लागली, मधासारखी पिवळट खपली धरली, लस किंवा पू येतोय, आजूबाजूला पुळ्या उठल्या, आणि नेहमीच्या औषधाला दाद देत नाहीये. यामागे बहुतेक वेळा स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाचा जिवाणू असतो, जो इसबवाल्यांच्या त्वचेवर एरवीही मुक्कामाला असतो. म्हणूनच नुसता जिवाणू सापडला म्हणून अँटिबायोटिक लागतंच असं नाही. ब्रिटनमध्ये सौम्य चिघळलेला इसब असलेल्या ११३ मुलांवर एक चाचणी झाली, २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यात साधं स्टिरॉइड आणि मॉइश्चरायझर सगळ्यांना दिलं आणि वर अँटिबायोटिक दिल्याने काही खास जास्तीचा फायदा दिसला नाही. त्यामुळे डॉक्टरांनी अँटिबायोटिक नसलेली ट्यूब लिहिली तर "साधीच दिली" म्हणून नाराज होऊ नका.

आता नायटा, म्हणजे गजकर्ण. गोल चट्टा, कडेला उंचवटा आणि कोंडा, मध्ये साफ होत गेलेलं, जांघेत, कमरेच्या नाडीच्या रेषेत, काखेत, स्तनांखाली. ही बुरशी आहे. यावर स्टिरॉइड लावलं की काय होतं ते नीट समजून घ्या कारण सगळी गंमत, म्हणजे सगळा घोटाळा, इथेच आहे. लाली, खाज, सूज हे बुरशीने केलेलं नसतं, बुरशीला हाकलायला आपल्या शरीराने केलेलं असतं. स्टिरॉइड त्या शरीरालाच गप्प करतं. खाज थांबते, लाली जाते, तुम्हाला वाटतं बरं झालं, आणि बुरशी निवांत पसरत राहते. ट्यूब बंद केली की आठवड्याभरात दुप्पट चट्टा. परत ट्यूब. असं चार महिने केलं की तो गोल आकार, ती कड, सगळं पुसलं जातं आणि मग डॉक्टरलाही बघून ओळखता येत नाही. याला वैद्यकीय भाषेत टिनिया इन्कॉग्निटो म्हणतात, म्हणजे वेश बदललेला नायटा. ट्यूबमध्ये बुरशीचं औषधही आहे ना मग काय बिघडलं, असं विचारतात लोक. बिघडतं असं की खाज दोन दिवसांत थांबते म्हणून माणूस चौथ्या दिवशी लावायचं सोडतो, बुरशीच्या औषधाला मात्र आठवडे लागतात.

आणि आता आपल्याकडचा नायटा पूर्वीसारखा साधा राहिलेला नाही. गेल्या दहा-एक वर्षांत भारतभर पसरलेल्या या बुरशीला २०२० मध्ये ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं वेगळं नावच मिळालं, आणि हिचे बरेच प्रकार टर्बिनाफिनला जुमानत नाहीत. स्टिरॉइड मिक्स क्रीमचा सरसकट वापर हे या पसरण्यामागचं एक मोठं कारण असल्याचं त्वचारोगतज्ज्ञ सतत सांगतायत. त्यामुळे नायट्याची शंका असेल तर डॉक्टरांना एकच सांगा, खरवडून तपासता येईल का. पातीने थोडा कोंडा काढतात, पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात ठेवून मायक्रोस्कोपखाली बघतात, दुखत नाही, खर्चही फार नाही, बऱ्याच ठिकाणी लगेच कळतं. नायटा निघाला तर नुसतं बुरशीचं मलम, चट्ट्याच्या कडेच्या बाहेर दोन सेंटीमीटरपर्यंत, आणि साफ दिसल्यावरही साधारण दोन आठवडे, सोबत लागल्या तर गोळ्या.

खरूज पण बघा. रात्री खाज वाढते, बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, बेंबीभोवती, आणि घरात अजून कुणालातरी खाज आहे, तर ती खरूज धरा. त्यावर परमेथ्रिन नावाचं औषध लागतं, मानेपासून खाली सगळ्या अंगाला, घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री, आठवड्याने परत. स्टिरॉइडने खाज दबते आणि किडा तसाच.

हे सगळं सोडून नागीण, कांजिण्या, ओठावरचा जर, तोंडावरच्या पुटकुळ्या, उघडी जखम, डायबेटिसवाल्याच्या पायाची जखम, यातल्या कशावरही ही ट्यूब लावायची नाही. लहान मुलांच्या नाकाखाली अचानक उठणाऱ्या पिवळ्या खपलीच्या फोडांनाही, खाली इसब नसेल तर, स्टिरॉइडची गरज नसते.

आणि एक गोष्ट ठळक लक्षात ठेवा. इसब असलेल्या माणसाला, विशेष करून मुलाला, अचानक एकसारख्या आकाराचे छोटे छोटे खळगे पडलेले फोड, खूप दुखतायत, ताप, मूल मलूल, तर ते हर्पिसचं इन्फेक्शन असू शकतं, त्याच दिवशी हॉस्पिटल. डोळ्याच्या आसपास असेल तर तासाचाही उशीर नको. तसंच लाली झपाट्याने पसरतेय, जागा गरम आणि टणक झालीये, थंडी वाजून ताप येतोय, तर मलमाचा विषय संपला, डॉक्टरकडे.

तिसरं काम: चिठ्ठी घेताना चार प्रश्न

दिवसातून किती वेळा, किती दिवस, नेमकं कुठे, आणि संपल्यावर पुढे काय. शेवटचा प्रश्न कुणीच विचारत नाही आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा. फ्युसिडिक ॲसिड २ टक्के आणि बीटामेथासोन ०.१ टक्का ही जोडी साधारणपणे दिवसातून दोन वेळा, एक आठवडा, फार तर दोन आठवडे अशी असते. क्लोबेटासोल कुठल्याही रूपात दोन आठवड्यांच्या वर सलग नाही आणि आठवड्याला ५० ग्रॅमच्या वर तर कधीच नाही. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस ऐकलेत की दुकानातून निघायच्या आधी ट्यूबवर मार्करने दोन तारखा लिहा, सुरू आणि बंद. मी स्वतः लिहून देतो आता. ज्यांच्या ट्यूबवर तारीख असते ते बहुतेक थांबतात, ज्यांच्यावर नसते ते ट्यूब संपेपर्यंत लावतात आणि मग दुसरी न्यायला येतात.

त्याच वेळी सांगून टाका: तुम्हाला दिवस गेलेत का, अंगावर पाजताय का, शुगर आहे का, आधी कुठल्या मलमाने आग झाली होती का. निओमायसिनची ॲलर्जी बऱ्यापैकी आढळते, अमेरिकेतल्या कॉन्टॅक्ट डर्मटायटिसच्या, म्हणजे त्वचेला काही लागून उठणाऱ्या इसबाच्या, डॉक्टरांच्या संघटनेने २०१० मध्ये निओमायसिनला वर्षाचा ॲलर्जन, म्हणजे ॲलर्जी करणारा पदार्थ, ठरवलं होतं. आणि ट्यूबमधलं स्टिरॉइड ही ॲलर्जी अर्धवट झाकतं, त्यामुळे इसब बराही होत नाही आणि वाढतही नाही, नुसता रेंगाळत राहतो, आणि लावणाऱ्याला कळत नाही की ट्यूबच खातेय त्याला.

लावायची पद्धत

नखं कापा, हात धुवा. खपलीवर मलम लावून उपयोग नाही, औषध खालच्या त्वचेपर्यंत पोचतच नाही, म्हणून आधी खपली भिजवायची. स्वच्छ मऊ सुती कापड, जुनी धुतलेली धोतराची पट्टी उत्तम, कोमट पाण्यात बुडवून दहा मिनिटं ठेवायची, खपली सैल होते मग हलकेच पुसून घ्यायची, नखाने उपटायची नाही. रक्त आलं म्हणजे जोर जास्त झाला. जास्त लस वाहत असेल तर डॉक्टर पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्याने शेकायला सांगतात, तेव्हा पाणी फिकट गुलाबी हवं, जांभळं नाही, आणि एकही कण न विरघळता राहता कामा नये कारण कण त्वचा जाळतो. डेटॉल, हळद, चुना, लसणाचा रस, काही नको. लसणाने भाजलेली त्वचा मी बघितलीये, इसबापेक्षा वाईट दिसते.

मग टिपून कोरडं करा, घासू नका.

आता किती लावायचं. कणभर लावतात किंवा थापतात, मधलं कुणी करत नाही. यासाठी एक माप आहे, १९९१ पासून जगभर वापरतात, बोटाच्या पेराचं माप. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या घडीपर्यंत ट्यूबमधून एक सरळ रेघ काढायची, साधारण ५ मिलिमीटर तोंडाच्या ट्यूबमधून, ती होते अर्धा ग्रॅम. एवढं मलम मोठ्या माणसाच्या दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं, बोटांसकट तळहात. म्हणजे एका हाताच्या पंजाला, पुढून-मागून, एक पेर. एका पावलाला दोन. पूर्ण हाताला, पंजा सोडून, तीन. लहान मुलाच्या जागेला सुद्धा माप मोठ्या माणसाच्याच बोटाचं, फक्त पेरं कमी लागतात.

हिशोब करून बघा. तुमचा चट्टा दोन तळहातांएवढा आहे, दिवसातून दोन वेळा, म्हणजे दिवसाला १ ग्रॅम, सात दिवसांचे ७ ग्रॅम. १० ग्रॅमच्या ट्यूबमध्ये सगळं भागून उरतंय. त्यामुळे एवढ्याशा चट्ट्याला महिन्यात तीन ट्यूब लागल्या तर काहीतरी चुकतंय. आणि उलट, दहा ग्रॅमची ट्यूब सहा महिने पुरली असेल तर तुम्ही थेंबथेंब लावून इन्फेक्शनला नुसतं गोंजारत होतात.

केसांच्या दिशेने, हलक्या हाताने, चकचकीत पातळ थर होईल एवढं पसरवायचं, चोळून जिरवायचं नाही. फक्त बिघडलेल्या भागावर, "पुढे पसरू नये म्हणून" आजूबाजूच्या चांगल्या त्वचेला नाही. वर पट्टी, प्लॅस्टिक, घट्ट मोजा काहीही गुंडाळू नका, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय, कारण झाकलं की औषध कितीतरी जास्त आत जातं, आणि चिघळलेली जागा झाकून ठेवणं म्हणजे जंतूंना उबारा. लगेच हात धुवा, हातालाच लावलं असेल तर सोडून. लस येत असेल तर क्रीम, कोरडी जाड भेगाळलेली जागा असेल तर ऑइंटमेंट, हेही विचारून घ्या, नाव एकच असतं पण दोन्ही वेगळी वागतात.

मॉइश्चरायझर आणि औषध एकदम एकावर एक लावू नका, मध्ये वीस-तीस मिनिटं जाऊ द्या, नाहीतर औषध पातळ होतं आणि नको तिथे पसरतं. मॉइश्चरायझर मात्र ट्यूबइतकंच, खरं तर जास्त महत्त्वाचं आहे, आणि लोक ५० ग्रॅमची बाटली तीन महिने वापरतात. अंगभर इसब असेल तर आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम लागतं, म्हणून महागडं नको, साधं पेट्रोलियम जेली किंवा लिक्विड पॅराफिनवालं मोठ्या डब्यात घ्या पण सढळ हाताने लावा. एकच काळजी, असलं स्निग्ध काही कपड्यात मुरलं की ते कापड पटकन पेट घेतं, म्हणून ओढणी-पदर घेऊन गॅसपाशी जाताना सांभाळा आणि ते कपडे वरचेवर गरम पाण्यात धुवा. डब्यात बोटं घालू नका, स्वच्छ चमच्याने काढा, नाहीतर डब्यातच जंतू वाढतात. टॉवेल वेगळा, उशीचा अभ्रा रोज बदलता आला तर बदला.

जागेप्रमाणे नियम बदलतो

हा भाग मला सगळ्यात जास्त कळकळीने सांगायचाय. शरीराची त्वचा सगळीकडे सारखी जाड नसते. १९६७ मध्ये हायड्रोकॉर्टिसोन शरीराच्या कुठल्या भागातून किती शोषलं जातं हे मोजलं गेलं, हाताच्या कोपर ते मनगट या भागाला १ धरलं तर कपाळातून ६ पट, जबड्याच्या कडेतून १३ पट, आणि अंडकोशाच्या त्वचेतून ४२ पट. तळपायातून मात्र सातवा हिस्सा. म्हणजे तीच ट्यूब, तेवढंच औषध, पायाला चालेल आणि जांघेत जाळ करेल. त्या मुलीच्या मांडीवरच्या रेघा याच हिशोबातून आल्या होत्या, जांघेत त्वचेवर त्वचा बसते, घाम येतो, आपोआप पट्टी बांधल्यासारखं होतं.

म्हणून चेहरा, पापण्या, काख, जांघ, स्तनांखाली, गुप्तांग इथे स्ट्राँग स्टिरॉइडवाली ट्यूब डॉक्टरांनी स्पष्ट "इथेच लावा" म्हटल्याशिवाय नाही, आणि लागलंच तर सौम्य, पाच-सात दिवस. डोळ्याजवळ खूप दिवस लावल्याने काचबिंदू, मोतीबिंदूपर्यंत जातं. चेहऱ्यावर गोरं व्हायला, डाग जायला म्हणून लावणारे तर रोज भेटतात. पहिल्या महिन्यात चेहरा उजळतो कारण रक्तवाहिन्या आकसतात, मग तोंडभर पुळ्या, लालसर जाळं, बारीक लव, उन्हात आणि चुलीपुढे आग, आणि बंद केलं की चेहरा टोमॅटोसारखा. बायकाच नाही, दाढी केल्यावर आग होते म्हणून लावणारे पुरुषही बरेच.

लहान बाळाच्या लंगोटाच्या जागी तर मुळीच नाही. डायपर म्हणजे प्लॅस्टिकची पट्टीच. क्लोबेटासोलसारखं औषध तिथे आठवडे लावल्याने बाळाचं तोंड गोल सुजलेलं, वाढ खुंटलेली अशा केसेस झालेल्या आहेत. डायपर रॅशला हवा, कोरडेपणा आणि झिंक ऑक्साइडचं मलम, त्याने तीन दिवसांत फरक नाही तर डॉक्टर.

बघत राहायचं आणि थांबायचं

तिसऱ्या-चौथ्या दिवशी उजेडात नीट बघा, शक्य तर पहिल्या दिवशीच फोटो काढून ठेवा, त्याच जागेवरून त्याच उजेडात. लस कमी, खपली कमी, दुखणं कमी झालेलं दिसायला हवं. खाज गेली पण चट्टा मोठा झाला, तर बुरशी असण्याची शक्यता खूप, थांबा आणि दाखवा. काहीच फरक नाही तर जंतू त्या अँटिबायोटिकला सरावलेला असू शकतो, अशा वेळी डॉक्टर कापसाच्या काडीने नमुना घेऊन कल्चरला पाठवतात, त्यावरून बरोबर औषध कळतं. स्वतःहून दुसरी, जास्त औषधं असलेली ट्यूब आणू नका.

ठरलेल्या तारखेला अँटिबायोटिकवाली ट्यूब बंद, बरं वाटलं असलं तरी बंद आणि थोडं राहिलं असलं तरी बंद. फ्युसिडिक ॲसिड महिनोन्महिने, थोडं थोडं, अधूनमधून लावलं की जंतू त्याला निर्ढावतात आणि मग खरंच गरज पडते तेव्हा ते चालत नाही. इन्फेक्शन गेलं पण इसब थोडा उरला तर डॉक्टर साधं स्टिरॉइड देतात, रोज एकदा, मग एक दिवसाआड, मग बंद. ज्यांना वरचेवर उठतं त्यांना कधीकधी आठवड्यातून फक्त दोन दिवस लावायला सांगतात, तो वेगळा प्लॅन असतो आणि तो साध्या स्टिरॉइडचा असतो, कॉम्बिनेशनचा नाही.

इसब वर्षातून चार वेळा चिघळत असेल तर मलमाच्या पलीकडे बघा. शुगर तपासा. भांडी घासताना रबरी हातमोजे आणि आत सुती मोजे घाला. पावसाळ्यात ओले बूट, ओले आतले कपडे अंगावर वाळवू नका. रबरी चपलेच्या पट्ट्याखालीच इसब उठत असेल तर चपलेचीच ॲलर्जी असू शकते, त्याची पॅच टेस्ट होते, म्हणजे संशयित पदार्थ पट्टीने त्वचेवर चिकटवून बघतात.

आधीच महिने-वर्षं लावताय?

घाबरू नका आणि लाजू नका, तुमच्यासारखे खूप आहेत. बंद केल्यावर काही दिवसांत ते काही आठवड्यांत त्वचा लालभडक होते, आग होते, पूर्वीपेक्षा वाईट दिसते, आणि नेमकं तेव्हाच माणूस हरतो आणि परत ट्यूब उचलतो. हे उलटून येणं ठाऊक असलेल्या त्वचारोगतज्ज्ञाच्या हाताखाली बंद करा, ते सौम्य स्टिरॉइडवर आणून किंवा स्टिरॉइड नसलेलं औषध देऊन हळूहळू सोडवतात. आणि क्लोबेटासोलसारखं औषध मोठ्या भागावर कित्येक महिने लावलं असेल तर एकदम झटक्यात बंद करायच्या आधी डॉक्टरांना भेटाच, कारण शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवणं कमी करतं. अशात खूप थकवा, चक्कर, उलट्या झाल्या तर लगेच दवाखान्यात जाऊन मलमाचं सांगायचं. मलमाचा आणि चक्करचा संबंध सांगितल्याशिवाय तिथे कुणाच्या डोक्यात येणार नाही.

डॉक्टरकडे जाताना घरातल्या सगळ्या ट्यूबा एका पिशवीत घालून न्या, रिकाम्या, अर्ध्या, शेजारणीने दिलेल्या, फ्रिजच्या दारात पडलेल्या, सगळ्या. नावं आठवायची गरज नाही, कधीपासून लावताय एवढं सांगा. आणि जायच्या आधी काही दिवस बुरशीचं मलम लावलं नसेल तर खरवडून केलेल्या तपासणीत नीट दिसतं, म्हणून अपॉइंटमेंट घेतानाच फोनवर विचारून ठेवा की काय लावू आणि काय नको.